काळं प्लास्टिक राखाडी झालंय, तेलं चोळून थकलो

जुनीच_बरी

नमस्कार मंडळी,

गाडी १७ वर्षांची, छोटी हॅचबॅक. इंजिन ठणठणीत, पत्र्याला गंज नाही, रंगसुद्धा पॉलिश केला की तोंड दिसेल इतका चमकतो. पण बघणाऱ्याची नजर आधी जाते ती प्लास्टिकवर. बंपरचा खालचा अर्धा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांवरच्या आडव्या पट्ट्या, वायपरखालची जाळी, आरशांची बुडं. जे जे मुळात न रंगवलेलं काळं होतं ते सगळं आता राखेच्या रंगाचं झालंय. डावी बाजू जास्त वाईट, कारण गेली ९ वर्षं गाडी एकाच जागी, एकाच तोंडानं उभी राहते आणि दुपारचं ऊन सगळं डाव्या अंगावर येतं. उजवी बाजू अजून 'थकलेली काळी' म्हणता येईल. डावीवर बोट फिरवलं तर बोटाला खडूसारखी भुकटी लागते.

आतापर्यंतचे उद्योग सांगतो, म्हणजे कुणी तेच परत सुचवणार नाही. आधी टायर आणि डॅशबोर्डला लावायचं चकचकीत पॉलिश लावलं. त्या दिवशी गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसली. दोनदा पाऊस लागला आणि सगळं उतरलं, वर दाराच्या रंगावर तेलकट ओघळ आले ते वेगळेच. मग 'प्लास्टिक पूर्ववत करणारं' म्हणून मिळणारं क्रीम आणलं. ते तीन आठवडे टिकलं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून शिलाई मशीनचं तेल चोळलं. काळं झालं हे खरं, पण त्यावर इतकी धूळ बसली की चार दिवसांत कमानींना मिशा फुटल्यासारख्या दिसायला लागल्या. हे सगळं आलटून पालटून दोन वर्षं चाललंय.

नवे भाग घ्यावेत तर या मॉडेलचे दारावरचे पट्टे आता बनतच नाहीत. म्हणून विचारतो: हे मुळात बरं होणारं दुखणं आहे का? हीट गन (गरम हवेचा झोत मारणारं यंत्र) फिरवली की प्लास्टिक क्षणात काळं होतं असे व्हिडिओ बघितले, त्यात किती तथ्य? आणि सरळ काळा रंग मारला तर? शेजारच्यांनी मारला होता, वर्षभरात उन्हानं भाजलेल्या कातडीसारखे पापुद्रे निघाले.

हाताशी रविवार आहेत, ड्रिल आहे, हौस आहे. अक्कल तुम्ही द्या.

पाना_दहाबारा

तेल पाजून थकलात यात नवल नाही. प्लास्टिक तहानलेलं नसतंच हो.

मी बरीच वर्षं प्लास्टिक मोल्डिंगच्या खात्यात काढली आहेत, तेव्हा जरा लांबण लावतो. दाराची एखादी पट्टी किंवा कमान काढता आली तर उलटी करून मागे बघा. दोन बाणांच्या मध्ये काही अक्षरं असतील. बहुधा 'पीपी+ईपीडीएम' आणि पुढे 'टी२०' असं काहीतरी सापडेल. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात लवचीकपणासाठी मिसळलेलं रबर, आणि ताठपणासाठी २० टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड. काळा रंग येतो कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे जवळजवळ काजळीच. ती नुसती रंगासाठी नसते, ऊन अडवायलाही असते. याशिवाय उन्हापासून जपणारी काही द्रव्यं मिसळलेली असतात, ती हळूहळू खर्च होत जातात.

ती संपत आली की अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून वरच्या पातळ थरातल्या लांब साखळ्या तोडायला लागतात. थर ठिसूळ होतो, डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतला टाल्क उघडा पडतो. तुमच्या बोटाला लागते ती भुकटी म्हणजे हाच मेलेला थर. भेगांवर प्रकाश विखुरतो म्हणून राखाडी दिसतं. फुटलेली काच पांढरी दिसते ना, तसंच. त्याखालचं प्लास्टिक अजून काळंच आहे.

आता पट्टीवर पाणी मारून बघा. लगेच काळी होईल. पाण्यानं भेगा भरल्या, प्रकाश विखुरायचा थांबला. तुमचं तेल, क्रीम, चकचकीत पॉलिश या सगळ्यांनी एवढंच केलं, फक्त पाण्यापेक्षा थोडं जास्त दिवस. ते वाहून गेलं की भेगा पुन्हा मोकळ्या.

त्यामुळे 'बरं होईल का' याचं उत्तर: तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत. मेलेला थर काढायचा आणि उरलेल्यावर टिकाऊ झाकण घालायचं, एवढंच आपल्या हातात.

पण झाकणाआधी एक तपासणी. सगळं पांढरं ऊन खाल्लेलं नसतं. रंगाच्या कडेला लागून, प्लास्टिकच्या खडबडीत दाण्यात जे पांढरे फराटे असतात ते बहुतेक वेळा कधीतरी केलेल्या पॉलिशचे वाळलेले अवशेष असतात. ओळखायचं कसं? ऊन वरच्या बाजूला जास्त खातं आणि सपाट, एकसारखं खातं. पॉलिश खड्ड्याखड्ड्यांत अडकतं आणि कडेला दाट असतं. ते नुसत्या गरम साबणपाण्यानं आणि नायलॉनच्या ब्रशनं निघतं. मी अशा गाड्या बघितल्या आहेत की ज्यांचं निम्मं 'खराब' प्लास्टिक फक्त धुऊन काळं निघालं.

आणि धुणं म्हणजे फडकं मारणं नव्हे. आधी आजूबाजूच्या रंगाला मास्किंग टेप लावा. सर्व-कामाचा क्लीनर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पातळ करा, एकेका हातभर भागावर मारा, ब्रशनं गोल गोल घासा, वाळू न देता धुऊन टाका. मग पुन्हा. मग पुन्हा. पांढरं फडकं ओलं करून दाबून पुसा, ते मळकट निघतंय तोवर काम झालेलं नाही. तुम्ही दोन वर्षांत जे जे चोळलंय ते सगळं आधी बाहेर यायला हवं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि एक दिवस तसंच कोरडं राहू द्या. दाण्यात पाणी फार वेळ दडून बसतं.

एक इशारा. हे क्लीनर अल्कधर्मी असतात. खिडक्यांभोवती ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर तिच्यावर थेंबही वाळू देऊ नका, पांढरे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

ठिणगी

एवढा व्याप कशाला? हीट गन फिरवा! मी माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या बंपरवर फिरवली. समोर बघता बघता राखाडीचं काळं. वीस मिनिटांत काम फत्ते. काही चोळायचं नाही, काही वाळवायचं नाही. जादू म्हणतात ती हीच.

सावकाश_चला

@ठिणगी, किती दिवस झाले जादूला?

मीही केलं होतं हे. पहिली कमान सुंदर झाली. दुसरीवर हात सैलावला. बंपरचा कोपरा जिथे बॉडीला मिळतो तिथे क्षणभर थांबलो, कारण खाली फोन वाजला. वर बघतो तर कोपरा मेणबत्तीसारखा खाली ओघळलेला. तिथली फट आता करंगळी जाईल एवढी आहे. शिवाय जिथे गन जवळून गेली तिथला दाणा वितळून गुळगुळीत झाला, त्यामुळे काळ्या बंपरवर चकाकणारे चट्टे. ऊन तिरपं पडलं की बिबट्या दिसतो.

आणि आठ महिन्यांत पुन्हा राखाडी. चट्टे मात्र कायमचे.

पाना_दहाबारा

वरच्या दोघांचंही खरं आहे. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं. हीट गनच्या तोंडाशी सहज ५०० अंश असतात. म्हणजे तुम्ही पातळ थर वितळवून भेगा बुजवताय, म्हणून ते क्षणात काळं होतं. पण त्यात नवीन काही पडत नाही. ज्या थरातली संरक्षक द्रव्यं संपलीत तोच थर पुन्हा बसवलाय, तो पुन्हा तितक्याच लवकर जाणार, किंवा अधिकच.

करायचंच असेल तर गाडीवरून काढलेल्या भागावर करा, गन सतत हलती ठेवा, आणि काच, रंग, दिवे यांच्या जवळ नको. तापलेल्या काचेला एका जागी झळ लागली तर तडा जायला वेळ लागत नाही. मी स्वतः करत नाही.

जुनीच_बरी

@पाना_दहाबारा, दादा, पट्टी काढली. मागे खरंच 'पीपी+ईपीडीएम-टी२०' लिहिलंय! १७ वर्षं माझ्या दारावर हे लिहिलेलं होतं आणि मला पत्ता नाही.

पट्टी काढतानाचं प्रकरण ऐका. दोन क्लिपा तुटल्या. सकाळच्या गारव्यात ओढली, प्लास्टिक बिस्किटासारखं मोडलं. बाकीच्या पट्ट्या दुपारी, ऊन खाऊन कोमट झाल्यावर, प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं क्लिपेच्या अगदी शेजारून उचकटल्या. एकही मोडली नाही. पट्टीच्या टोकांना दुहेरी चिकटपट्टी होती, तिथे मासे पकडायचा नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवला.

धुण्याचा निकाल: पाच वेळा धुतल्यावर फडकं पांढरं राहिलं. पहिल्या दोन वेळी जे पाणी निघालं ते चहाच्या रंगाचं होतं. ते मशीनचं तेल असावं. आता पट्टी राखाडीच आहे, पण एकसारखी राखाडी. चट्टे गेले, भुकटी लागत नाही. खरं सांगू? एवढ्यानंच गाडी पाच वर्षं तरुण दिसते. डोळ्याला राखाडी खुपत नव्हतं, ठिपकेदार राखाडी खुपत होतं.

आता झाकण काय घालू?

पाना_दहाबारा

दुकानात शंभर नावं दिसतील, पण घराणी चारच. सिलिकॉनवाली ड्रेसिंग, म्हणजे टायर-डॅशबोर्डचं ते चकचकीत पॉलिश, ती तुम्ही भोगली आहेत. तेलं, त्यातल्या त्यात रंगकामात वापरतात ते बॉइल्ड लिनसीड, म्हणजे जवसाचं, कारण ते हवेत सुकून खरोखर घट्ट होतं. रंगद्रव्य असलेले रिस्टोरर, जे काळा रंग दाण्यात बसवतात. आणि सिरॅमिक ट्रिम कोटिंग, जे भेगांत शिरून काचेसारखं कडक होतं.

तुमच्याकडे चार फुटांच्या पट्ट्या आहेत आणि वेळ आहे. मी सांगण्यापेक्षा टेप लावून वाटे करा आणि चारही लावून बघा. एक वाटा कोरा सोडा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

जवसाच्या तेलाबद्दल एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ते सुकताना उष्णता सोडतं. तेल लागलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. काडी लागत नाही. वापरलेलं फडकं बाहेर मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

कुंचला_आणि_मी

रंगाबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. मी चित्रकला शिकवते, गाड्यांचं काही कळत नाही, पण माझ्या गाडीच्या चारही कमानी आणि पुढची जाळी मी स्वतः रंगवली आहे. चौथं वर्ष चालू आहे, पापुद्रा नाही.

शेजाऱ्यांचा रंग का उतरला ते सांगते. पॉलिप्रॉपिलीनला काहीच चिकटत नाही. डिंकाच्या बाटल्यांची झाकणं याच प्लास्टिकची करतात ती उगाच नाही. रंग त्यावर बसत नाही, नुसता पांघरला जातो. मध्ये प्लास्टिकसाठीचा ॲडहीजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर, लागतो. पाण्यासारखा पातळ, पारदर्शक स्प्रे असतो तो. लोक तो विसरतात, किंवा नेहमीचा पत्र्याचा प्रायमर मारतात आणि समजतात झालं.

माझी पद्धत अशी. धुणं वर लिहिलंय तसंच. मग राखाडी स्कफ पॅडनं (घासणीसारखा खरखरीत तुकडा) हलक्या हातानं चमक मारायची. सँडपेपर नको. या प्लास्टिकमध्ये रबर आहे, सँडपेपरनं कापड फाटल्यासारखे तंतू उभे राहतात आणि मग ते काही केल्या बसत नाहीत (माझी पहिली कमान अशीच वाया गेली, दोन दिवस रडत होते). मग मेण आणि चिकटा काढायचं द्रावण, दोन फडक्यांनी: एकानं ओलं करायचं, दुसऱ्यानं ते उडून जायच्या आत पुसून घ्यायचं. एकाच फडक्यानं केलं तर चिकटा एका जागचा दुसऱ्या जागी जातो, बस.

मग प्रमोटरचे दोन पातळ हात, आणि डब्यावर जो वेळ दिलाय त्या वेळेतच काळा रंग. वेळ उलटला तर प्रमोटर मारून उपयोग नाही. रंग बंपरसाठीचा, लवचीक, मॅट किंवा दाणेदार. चकचकीत घेऊ नका, प्लास्टिक खोटं दिसतं. २० ते २५ सेंटिमीटरवरून, हात भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. पहिला हात इतका विरळ की खालचं राखाडी दिसलं पाहिजे. सगळ्यांची चूक इथे होते, पहिल्याच हातात झाकायला जातात आणि ओघळ येतात. मी चार हात दिले. उन्हात किंवा वाऱ्यावर मारू नका, आणि तोंडाला कापड बांधून भागत नाही, वाफ अडवणारा काडतुसाचा मास्क घ्या.

पण @जुनीच_बरी, तुम्हाला मी रंग सुचवणार नाही. तुम्ही दोन वर्षं सिलिकॉन चोळलंय. त्याचा अंश जरी दाण्यात राहिला तरी रंग तिथून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पाच वेळा धुतलंत तरी मी पैज लावणार नाही. आधी वाटे करून बघा.

जुनीच_बरी

ताई, तुमचं ऐकतो. डाव्या मागच्या दाराच्या पट्टीवर टेप लावून पाच वाटे केले: ड्रेसिंग, जवस, रंगवाला रिस्टोरर, कोटिंग, कोरा. आतल्या बाजूला मार्करनं क्रमांक लिहिलेत, म्हणजे मलाच फसवता येणार नाही.

दरम्यान खिडकीभोवतीची क्रोमची पट्टी आणि रबराचं बीडिंग यांचं काय करायचं?

सावकाश_चला

क्रोम म्हणून जे दिसतं ते तीन वेगळ्या जातींचं असतं, त्यामुळे आधी जात ओळखा. स्टीलवरचं खरं क्रोम असेल आणि त्यावर गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलकेच घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा येत नाही. पण प्लास्टिकवर चढवलेलं क्रोम असेल आणि कडेला फुगून पापुद्रे आले असतील तर घासू नका, उरलंसुरलंही निघेल. आणि ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियम धुरकटलं असेल तर मेटल पॉलिशचा मोह टाळा. पॉलिशनं वरचा ऑक्साइडचा कडक थरच निघून जातो. आठवडाभर आरसा, नंतर पहिल्यापेक्षा वाईट.

बीडिंग बहुतेक ईपीडीएम रबराचं असतं. त्याला ऊन-पाऊस चालतो, खनिज तेल चालत नाही, फुगतं आणि लिबलिबीत होतं. सिलिकॉन ग्रीस बोटावर घेऊन अगदी पातळ लावा. रंगाला मात्र लागू देऊ नका. मशीनचं तेल बीडिंगला लावलं नाहीत ना?

जुनीच_बरी

लावलं होतं. पुढचा प्रश्न.

ठिणगी

🙈 आता आठ महिने होत आले. माझा बंपर पुन्हा राखाडी. कुणी काही बोलू नका.

जुनीच_बरी

पाच महिन्यांनी परत आलो. मध्ये एक अख्खा पावसाळा आणि भरपूर ऊन झालंय. वाट्यांचा हिशेब देतो.

ड्रेसिंगचा वाटा तिसऱ्या आठवड्यात कोऱ्या वाट्यासारखा झाला. इतका सारखा की क्रमांक बघितल्याशिवाय मला ओळखता येईना. ज्या गोष्टीत दोन वर्षं घातली तिची ही शोकसभा.

जवसानं आश्चर्य दिलं. लावल्यावर जादा तेल पुसून काढायचं हे मी नीट केलं नव्हतं, त्यामुळे पाच दिवस चिकट राहिलं आणि त्यावर बारीक किडे अडकले. (अजून दोन आहेत, भिंगातून दिसतात.) पण एकदा सुकल्यावर तीन महिने छान काळं राहिलं. आता वरच्या कडेला उडायला लागलंय आणि रंगात किंचित तपकिरी झाक आहे. फडकं मी त्याच दिवशी अंगणात फरशीवर पसरून वाळवलं आणि दर अर्ध्या तासानं बघून येत होतो. बायको म्हणाली, फडक्याला ताप आलाय का.

रंगवाला रिस्टोरर पहिल्या दिवशी सगळ्यांत भारी दिसला. अजूनही काळा आहे, थोडा फिकटलाय. पण एका जागी दोन बोटांएवढा भाग आठवड्यातच गेला. माझ्या मते तिथे क्लिपेच्या खाचेतून तेल झिरपत राहिलं असणार, धुताना तिथे ब्रश पोचला नव्हता. म्हणजे दादा म्हणाले तेच, धुतलं नाही तिथे काहीच बसत नाही.

कोटिंग पहिल्या दिवशी इतरांपेक्षा कमी काळं दिसलं, मी निराशच झालो होतो. मॅट, कोरडं, दिखाऊ नाही. पाच महिन्यांनी ते जसंच्या तसं आहे. पाणी अजून मणी होऊन घरंगळतं.

तेव्हा गेल्या महिन्यात अख्ख्या डाव्या बाजूला कोटिंग केलं. इथे एक घोळ घातला, तो लिहितो. स्पंजच्या ठोकळ्यातून एक थेंब खालच्या रंगवलेल्या पत्र्यावर पडला. टेप तिथे नव्हती, पट्टीच्या खाली कोण टेप लावतो म्हणून. लक्षात आलं दुसऱ्या दिवशी, तोवर काचेसारखा घट्ट. अल्कोहोलनं हलला नाही, नखानं हलला नाही. शेवटी रंगाचं कंपाउंड घेऊन हातानं चोळत बसलो, तीन तासांनी गेला. ओलं असताना एका पुसण्यात गेला असता. पट्टीच्या वर जितकी टेप लावाल तितकीच खालीही लावा.

पट्ट्या परत बसवताना तुटलेल्या क्लिपांच्या जागी फोमची दुहेरी चिकटपट्टी वापरली. दोन्ही बाजू अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसल्या, जोर लावून दाबल्या आणि तीन दिवस गाडी धुतली नाही. पकड पूर्ण यायला ७२ तास लागतात असं पाकिटावर लिहिलं होतं. निघालेली नाही.

वायपरखालची जाळी मात्र हरली. तिथे इतक्या बारीक खाचा आहेत की ब्रश जात नाही. दाढीच्या जुन्या ब्रशपासून कान साफ करायच्या काड्यांपर्यंत सगळं झालं. दुरून काळी दिसते, जवळ जाऊ नका.

कुंचला_आणि_मी

जाळी काढून बादलीत रात्रभर कोमट साबणपाण्यात बुडवून ठेवा. वायपरचे हात आधी काढावे लागतील, आणि काढण्यापूर्वी काचेवर त्यांच्या टोकांशी टेपच्या खुणा करा. नाहीतर बसवल्यावर एक वायपर आभाळाकडे बघतो. अनुभव आहे.

पाना_दहाबारा

कोरा वाटा पुसू नका हं. तसाच राहू द्या, पुढच्या वर्षी बघू.

जुनीच_बरी

ठेवलाय. मागच्या दारावर हातभर राखाडी चौकोन आहे, येणारा-जाणारा विचारतो की इथे काय लागलं.

आणि नवीन अडचण अशी की आजवर बरी वाटणारी उजवी बाजू आता डावीशेजारी म्हातारी दिसायला लागली आहे. रविवारी तिकडची पट्टी काढतो. दुपारी, ऊन खाऊन कोमट झाल्यावर.